चामखीळ जाते कशी?

चामखिळीला आजार म्हणून कुणी मोजत नाही. ताप येत नाही, अन्न कडू लागत नाही, कामाचा खाडा पडत नाही. त्यामुळे नागपूरच्या मेडिकलच्या किंवा मेयोच्या त्वचारोग विभागात चामखिळीचा रुग्ण पोहोचतो तो बहुतेक वेळा घरचे सगळे उपाय करून झाल्यावर. कुणी घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधलेला असतो. कुणी चुन्यात धुण्याचा सोडा कालवून लावलेला असतो, कुणी रुईचा चीक, कुणी ठेचलेला लसूण. विदर्भात बिब्बा सहज मिळतो, म्हणून बिब्ब्याने डागलेली बोटेही पाहायला मिळतात. मूळची चामखीळ ज्वारीच्या दाण्याएवढी आणि भाजल्याचा काळा व्रण तिच्या चौपट, असे लहान मुलांचे हात पाहिले की वाईट वाटते.

तरीही या प्रत्येक उपायाचा एक तरी साक्षीदार गावात असतो. ‘आमच्या पोरीची गेली ना त्यानं,’ असे तो छातीठोकपणे सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. चामखीळ खरोखरच गेलेली असते. फक्त ती घालवणारा दुसराच असतो. लहान मुलांच्या चामखिळींपैकी साधारण दोन-तृतीयांश दोन वर्षांच्या आत कोणत्याही उपचाराविना नाहीशा होतात, हे १९६०च्या दशकापासून नोंदले गेले आहे. त्या दोन वर्षांत केव्हातरी केस बांधला, चुना लावला, नवस बोलला, तर यशाचे श्रेय त्या उपायाला मिळते. काम मात्र मुलाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेले असते.

हे पुस्तक त्या कामाविषयी आहे. चामखीळ होते कशी हे आता शाळेच्या पुस्तकातही सापडेल, पण ती जाते कशी हा अधिक खोल प्रश्न आहे. एका मुलाची सहा महिन्यांत जाते, त्याच्या सख्ख्या भावाची चार वर्षे हटत नाही आणि एखाद्याचे हातपाय चामखिळींनी भरून जातात, असे का, याचे उत्तर शोधताना माणसाच्या प्रतिकारशक्तीची सारी रचना समोर येते. शिवाय प्रयोगशाळेत न जाता, बोटावर डोळ्यांनी पाहता येईल अशा ठिकाणी ती समोर येते. वैद्यकातले असे विषय थोडे आहेत.

चामखीळ माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत चर्मकीलाचे वर्णन आहे आणि क्षार व अग्निकर्म हे त्या परंपरेतले उपचार. आजचे आम्ल आणि विजेची सुई त्याच वाटेवरची आहेत. पण ती संसर्गाने होते याचा पुरावा यायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०७ साली इटलीतील ज्युसेप्पे चिउफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तो त्वचेत टोचला आणि तिथे नवी चामखीळ उगवली. गाळणीतून पार होईल इतके सूक्ष्म काहीतरी तिच्या मुळाशी होते. आज आपण त्याला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही म्हणतो. त्याचे २०० हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. हातापायांवरच्या नेहमीच्या चामखिळींमागे प्रामुख्याने १, २, ४, २७ आणि ५७ हे प्रकार असतात. चेहऱ्यावर आणि दाढीच्या जागी येणाऱ्या चपट्या चामखिळींमागे ३ आणि १० असतात. ७ क्रमांकाचा प्रकार मुख्यतः मांस कापण्याचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हातांवर आढळतो. जननेंद्रियांवरच्या चामखिळींत ६ आणि ११ सापडतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी ज्यांचे नाव सर्वाधिक जोडले जाते ते १६ आणि १८ याच कुळातले आहेत.

हा विषाणू अगदी साधा आहे. त्याच्याजवळ सुमारे ८,००० अक्षरांचा एक गोल डीएनए आणि मोजकी जनुके, एवढेच असते. अनवाणी पायाला लागलेला खडा, नखाकडेची सोललेली कातडी, न्हाव्याच्या वस्तऱ्याने पडलेला न दिसणारा चरा यांतून तो त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या पेशीपर्यंत पोहोचतो आणि तिथेच थांबतो. त्याखालच्या थरात तो उतरत नाही, रक्तात तर जातच नाही. ‘चामखिळीचं मूळ खोल असतं, ते उपटायला हवं,’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. तळपायाच्या चामखिळीत दिसणारे काळे ठिपके मुळे नसतात, रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या असतात. भोवरी आणि चामखीळ यांतला फरक ओळखायला ते ठिपके उपयोगी पडतात, इतकेच.

तळाच्या पेशीत विषाणूच्या थोड्याच प्रती असतात. ती पेशी वर सरकू लागते तेव्हा विषाणूची जनुके तिला वाढ थांबवू देत नाहीत, म्हणून त्या जागी कातडी जाड आणि खरखरीत होते. विषाणूचे बाहेरचे प्रथिनांचे कवच मात्र तयार होते ते सगळ्यात वरच्या, मरणपंथाला लागलेल्या थरात. प्रतिकारशक्तीला जे सर्वाधिक डिवचेल ते तिची गस्त जिथे जवळजवळ नसते तिथे बनते आणि मेलेल्या कातडीबरोबर गळून पडते. या साऱ्या काळात विषाणू पेशी फोडत नाही, दाह होऊ देत नाही, धोक्याचा इशारा देणारी इंटरफेरॉन ही प्रथिने दाबून ठेवतो. ज्या घरातून भांडणाचा किंवा रडण्याचा आवाज येत नाही तिथे शेजारी डोकावत नाहीत, तसेच इथे होते. महिनोन् महिने शरीराला आपल्या कातडीत कुणी राहत असल्याचा पत्ता लागत नाही. चामखिळीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमजोरच असते असे मानणे म्हणूनच अन्यायाचे आहे. निरोगी, धडधाकट मुलाला चामखीळ होते, कारण त्याच्या प्रतिकारशक्तीसमोर शत्रू अजून आलेलाच नसतो.

अशा लपलेल्या शत्रूची ओळख शरीराला पटवणाऱ्या पेशींचा शोध मोठा विलक्षण आहे. १८६८ साली बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पॉल लँगरहान्स यांना त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असे त्यांना वाटले. त्या त्वचेच्या पहारेकरी आहेत हे समजायला जवळपास शंभर वर्षे लागली. लँगरहान्स पेशी परक्या प्रथिनांचे तुकडे उचलतात, लसिका ग्रंथींपर्यंत नेतात आणि तिथल्या टी पेशींना दाखवतात. टी पेशींपैकी काही मदतनीस असतात, काही मारेकरी. मदतनिसांनी इशारा दिला की मारेकरी पेशी त्वचेकडे निघतात आणि विषाणूने व्यापलेल्या पेशी शोधून नष्ट करतात. चपट्या चामखिळींत हे उघड दिसते. वर्षभर गप्प असलेल्या पुटकुळ्या अचानक लाल होतात, सुजतात, खाजतात आणि काही आठवड्यांत सगळ्याच नाहीशा होतात, मागे व्रण न ठेवता. घाबरलेले आईवडील अशा वेळी मुलाला घेऊन धावत येतात, आणि ही बरे होण्याची खूण आहे हे त्यांना सांगताना डॉक्टरलाही समाधान वाटते.

हे काम टी पेशींचे आहे, रक्तातल्या प्रतिपिंडांचे नाही, हे कशावरून? निसर्गानेच केलेल्या कठोर प्रयोगांवरून. जन्मतः प्रतिपिंडे बनवू न शकणाऱ्या मुलांना जिवाणूंचे संसर्ग वारंवार होतात, पण चामखिळी त्यांना विशेष छळत नाहीत. टी पेशी दुबळ्या झाल्या की चित्र पालटते. एचआयव्हीबाधितांत चामखिळी संख्येने जास्त आणि हट्टी असतात, आणि औषधांनी सीडी-४, म्हणजे मदतनीस टी पेशी वाढल्यावरही त्या लगेच हटतीलच असे नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांना नवा अवयव टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. वर्षे जातील तशा त्यांच्यातल्या बहुतेकांना चामखिळी होतात आणि उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागात त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. नागपुरात आता प्रत्यारोपणे नियमित होतात, त्यामुळे हे रुग्ण आपल्याच गल्लीत राहतात. त्यांना एकच कळकळीचे सांगणे आहे. चामखीळ दिसली म्हणून ती औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी मिळून मात्रा किंवा औषध बदलायचे असते.

याहून दुर्मीळ उदाहरणे आणखी शिकवतात. १९२२ साली लेवांडोव्स्की आणि लुट्झ यांनी एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात लहानपणापासून अंगभर चपट्या चामखिळी आणि शिब्यासारखे चट्टे येतात आणि पुढे अनेकांना त्वचेचा कर्करोग होतो. २००२ साली त्यामागची दोन जनुके सापडली. या रुग्णांमध्ये मुख्य उणीव त्वचेच्या पेशींतच असते. म्हणजे प्रतिकार रक्तातल्या फौजेपुरता नाही, त्वचेची पेशी स्वतःही विषाणूला अडवत असते. हातापायांवर झाडाच्या सालीसारखी वाढ झालेल्या काही माणसांची छायाचित्रे जगभर तमाशासारखी दाखवली गेली. त्यांतल्या इराणमधील एका रुग्णाचा अभ्यास जाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या गटाने २०२१ साली प्रसिद्ध केला. त्याच्या टी पेशींवर सीडी-२८ हा एक रेणू तेवढा नव्हता. इतर संसर्गांशी त्याचे शरीर ठीक झुंजत होते, फक्त त्वचेवरच्या या विषाणूपुढे ते हतबल होते. ज्यांच्याकडे लोक शाप म्हणून पाहत होते त्यांच्यामुळे सगळ्यांच्या प्रतिकारशक्तीतला एक कच्चा दुवा कळला. अशा कुटुंबांना आपल्याकडेही वाट आहे. मुंबईत केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत जन्मजात प्रतिकार-दोषांच्या तपासण्या होतात.

विदर्भातल्या वाचकाला ही सगळी मांडणी परकी वाटू नये, कारण तिचा मोठा धडा याच मातीत गिरवला गेला आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले, बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन. कुष्ठरोगात जंतू एकच असतो, पण एका माणसाला त्याचा एखादाच चट्टा येतो आणि दुसऱ्याचे सारे शरीर तो व्यापतो. फरक जंतूत नसतो, त्या माणसाच्या टी पेशी जंतूला कसे उत्तर देतात यात असतो. रिडले आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली कुष्ठरोगाचे जे वर्गीकरण रूढ केले ते याच तत्त्वावर. चामखिळीचेही तसेच आहे. आणि कुष्ठरोग्याला दोषी ठरवून आपण जे पाप केले त्याची लहान आवृत्ती चामखिळीच्या रुग्णाबाबतही घडते. हात झाकणारी मुलगी, ‘अस्वच्छ’ म्हणून वर्गात वेगळा बसवलेला मुलगा, मुलगी पाहायला आलेल्यांच्या नजरा, हे सगळे अज्ञानातून येते.

हा दुवा उपचारांतही पोहोचला. दिल्लीचे प्रतिकारशास्त्रज्ञ गुरसरन प्राण तलवार यांनी कुष्ठरोगासाठी एका निरुपद्रवी, मारलेल्या मायकोबॅक्टेरियमची लस विकसित केली. पुढे त्या जंतूच्या शास्त्रीय नावात त्यांचेच नाव गुंफले गेले. टी पेशींना जागे करणारी हीच लस भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी चामखिळीत टोचून पाहिली आणि अनेक रुग्णांत ती उपयोगी पडली. याच तत्त्वावर गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि क्षयाच्या चाचणीतले पीपीडी हेही चामखिळीत टोचले जाते. शरीराला लहानपणापासून ओळखीचे असलेले प्रथिन चामखिळीत सोडले की जुनी ओळख असलेल्या टी पेशी तिथे धावतात आणि त्या गर्दीत एचपीव्हीही उघडा पडतो, अशी त्यामागची कल्पना आहे. कर्नाटकातील डॉक्टरांनी २००९ साली आणखी साधी पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाच्या स्वतःच्या चामखिळीचा बारीक तुकडा काढायचा आणि त्याच्याच हाताच्या कातडीखाली रुजवायचा. वरच्या थरात लपलेला विषाणू असा खालच्या, जागत्या थरात आणून ठेवला जातो.

या उपचारांची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे सुई एकाच चामखिळीत टोचतात आणि यश आले तर दूरच्या, न टोचलेल्याही जातात. अंगठ्यावर टोचले आणि तळपायाची गेली, हे पाहिल्यावर चामखीळ कोण घालवतो याविषयी शंका उरत नाही. तरीही हे उपचार सगळ्यांना लागू पडत नाहीत आणि त्यांचे मोठे, काटेकोर अभ्यास अजून हवे आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सॅलिसिलिक आम्ल, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे, विजेच्या सुईने जाळणे हे जुने उपचार आजही उपयोगी आहेत. त्यांच्यामुळेही विषाणू थोडा उघडा पडतो आणि दाह होतो. पण फक्त जाळले आणि शरीराने ओळख धरली नाही, तर चामखीळ काठाकाठाने पुन्हा उगवते. स्टेरॉइड मिसळलेली मलमे तर ओळखच पुसतात. ती चामखिळीवर कधीही लावू नयेत.

मनाचाही इथे संबंध येतो का? १९२७ साली झुरिचचे त्वचारोगतज्ज्ञ ब्रूनो ब्लोख यांनी एका खडखडणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकवून, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि चामखिळीला रंग लावून केवळ सूचनेने अनेकांच्या चामखिळी गेल्याचे नोंदवले. त्यात आपोआप जाणाऱ्या किती होत्या हे वेगळे काढणे अवघड आहे. म्हणूनच कोणत्याही उपायाची खात्री, तो न केलेल्या तेवढ्याच रुग्णांशी तुलना केल्याशिवाय देता येत नाही. बिब्बा असो की नवी महागडी लस, मोजपट्टी एकच हवी.

जननेंद्रियांवरच्या चामखिळींबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही, म्हणून या पुस्तकात त्यांना पूर्ण प्रकरण दिले आहे. हा विषाणू महिने आणि कधी वर्षेही न दिसता राहू शकतो. त्यामुळे आज दिसलेल्या चामखिळीवरून संसर्ग केव्हा आणि कुणाकडून झाला हे ठरवता येत नाही. जोडीदारावर संशय घेऊन मोडलेल्या संसारांना विज्ञानाचा आधार नाही. दोघांनी मिळून तपासणीला यावे, एचआयव्हीची चाचणी करावी आणि बाईने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, इतकेच योग्य आहे.

ही तपासणी किती मोलाची आहे हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी पुणे आणि बार्शीसह देशातल्या नऊ केंद्रांवर मुलींना एचपीव्ही लसीच्या दोन की तीन मात्रा द्याव्यात याचा अभ्यास सुरू झाला. २०१० साली सरकारी आदेशाने लसीकरण मध्येच थांबले आणि सुमारे ५ हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. पुढे कित्येक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले, तेव्हा त्या एका मात्रेनेही १६ आणि १८ या प्रकारांपासून टिकाऊ संरक्षण मिळाल्याचे दिसले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यात बार्शीच्या मुलींचाही वाटा आहे.

लस इतकी परिणामकारक का, याचे उत्तर आधीच्या विवेचनात आहे. नैसर्गिक संसर्गात विषाणूचे कवच प्रतिकारशक्तीपासून दूर राहते. लसीत तेच कवच, आत डीएनए नसलेले, थेट स्नायूत टोचले जाते. शरीराला ते प्रथमच स्वच्छ दिसते आणि नैसर्गिक संसर्गानंतर होतात त्याच्या अनेक पट प्रतिपिंडे तयार होतात. चामखीळ घालवण्यात प्रतिपिंडांचे काम नगण्य असले तरी विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवण्यात त्यांचेच काम मोठे, हा भेद लक्षात ठेवावा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ २०२३ साली बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. हातापायांच्या चामखिळींसाठी ती बनलेली नाही आणि आधीच झालेला संसर्ग ती बरा करत नाही. मात्र भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. मुलीला वेळेवर लस देणे हे प्रत्येक आईबापाचे कर्तव्य आहे, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता म्हणेन.

पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात. आधी त्वचा आणि विषाणू, मग ओळख आणि प्रतिकार, मग ज्यांच्यात ती ओळख पटत नाही असे रुग्ण, शेवटी उपचार आणि लसी. वाचक डॉक्टर असेल तर त्याने चामखिळीच्या रुग्णासाठी सुई हाती घेण्याआधी पाच प्रश्नांचा वेळ काढावा: किती दिवसांपासून, किती, कुठे, कोणती औषधे चालू आहेत आणि घरात आणखी कुणाला आहे? वाचक पालक असेल तर निरोगी मुलाच्या दोन-चार चामखिळींसाठी त्याने धीर धरावा, दुखत असतील किंवा पसरत असतील तर उपचार घ्यावा, बिब्बा आणि ब्लेड मात्र घरात ठेवूच नये. आणि चामखिळी अनेक असतील, वर्षानुवर्षे हटत नसतील, मोठेपणी एकाएकी फुटल्या असतील किंवा रक्त येऊन चिघळत असतील, तर त्या प्रतिकारशक्तीविषयी काही सांगत आहेत असे समजून तपासणीला यावे. हे तपासायला नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमधले एम्स आहे. हे सरकारी दरवाजे गरिबातल्या गरिबासाठी आहेत, आणि चामखिळीसारख्या ‘किरकोळ’ तक्रारीसाठीही ते ठोठावण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.